कल्पना, प्रार्थना आणि दुःख

तेरणा नदीच्या कांठीं तेर या गांवीं गोरोबाकाकांचें समाधिमंदिर आहे. धाराशिव जिल्ह्यांतील आम्हां लोकांस गोरोबांची कथा शिकवावी लागत नाहीं. ती पाळण्यांतच कानांवर पडते. चिखल तुडवितां तुडवितां विठ्ठलनामांत त्यांचें देहभान हरपलें, रांगत आलेलें तान्हें मूल पायांखालीं येऊन मातींत मिसळलें, तरी त्या कुंभारास कळलें नाहीं. पुढें पत्नीचा आक्रोश, विठ्ठलाची आण, तोडून घेतलेले हात. आणि शेवटीं पंढरपुरीं नामदेवांच्या कीर्तनांत टाळी वाजविण्यास थोटे हात वर करतांच त्यांस पुन्हां हात फुटले व गेलेलें मूल रांगत पुढें आलें. महिपतीच्या ‘भक्तविजया’नें ही कथा महाराष्ट्रांत घरोघर नेली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंतचतुर्दशीचे गणपति बोळवून लोक नुकतेच निजले असतां, आमच्या भागांत भूकंप झाला. दगडमातीच्या रुंद भिंती निजलेल्यांवर कोसळल्या आणि लातूर व तेव्हांचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. प्रस्तुत लेखक त्या वेळीं नुकताच पदवीधर झाला होता व मदतकार्यासाठीं सास्तूरच्या बाजूस गेला होता. तेथें पत्र्याच्या एका खोपींत वारकरी घराण्यांतली एक बाई राहत होती. तिचा मुलगा गेला होता. खोपीच्या पत्र्याला तिनें एक जुनें कॅलेंडर टांगलें होतें. मदतीच्या सामानाबरोबर तें कोठून तरी आलेलें. त्यावरील चित्रांत, क्रूसावरून उतरविलेलें येशूचें प्रेत मांडीवर घेऊन त्याची आई बसली होती. समजूत घालण्याच्या भरांत आमच्यांतील एकानें गोरोबांची कथा काढली. बाईनें ती शांतपणें ऐकून घेतली आणि म्हणाली, “काकांचं लेकरू रांगत आलं. माझं न्हाई आलं.” मग कॅलेंडराकडे हात करून म्हणाली, “हिचं बघा. हिच्या बी मांडीवरच हाय अजून.”

ती बाई ख्रिस्ती नव्हती व पुढेंहि झाली नाहीं. परंतु साहित्य शिकविण्यांत आयुष्याचीं तीस वर्षें घालविल्यावरहि तिच्या त्या बोलण्याइतका मार्मिक टीकालेख माझ्या वाचनांत आलेला नाहीं. दोन कलाकृति तिच्यापुढें होत्या. एक तिच्या रक्तांतली, दुसरी परकी. आणि तिनें आपल्या दुःखाच्या कसोटीवर दोहोंची पारख केली. कल्पनेनें रचलेलें चित्र प्रार्थनेंत मनाची जखम भरून आणूं शकतें काय, आणि शकत असेल तर कोणतें चित्र तें करितें व कोणतें नुसतीच भूल घालतें, हा प्रश्न त्या खोपींत माझ्या मनांत शिरला. ख्रिस्ती परंपरेनें हा प्रश्न फार पूर्वीं व फार स्पष्टपणें विचारलेला आहे. आणि त्या परंपरेचा एक मोठा प्रवाह मराठींतूनच वाहिलेला असल्यामुळें तो आपल्या वाङ्मयाचाहि प्रश्न आहे. म्हणून त्याचें थोडें विवेचन येथें करावयाचें योजिलें आहे.

आरंभ स्पेन देशांतील एका जखमी शिपायापासून करावा लागतो. १५२१ सालीं पाम्प्लोना येथील लढाईंत इग्नेशियस लोयोला याच्या पायांवर तोफेचा गोळा आदळला. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानें वीरकथा वाचावयास मागितल्या. त्या घरांत मिळाल्या नाहींत, म्हणून ख्रिस्ताचें चरित्र व साधूंच्या कथा हातीं आल्या. मग त्याचें मन दोन प्रकारच्या मनोराज्यांत रमूं लागलें. एकांत एका थोर कुळांतील स्त्रीसाठीं गाजवावयाचे पराक्रम, तर दुसऱ्यांत फ्रान्सिस व डॉमिनिक या साधूंसारखें जगणें. दोन्हीं मनोराज्यें चालू असतांना सारखींच गोड लागत; परंतु पहिलें संपलें कीं मन कोरडें व उदास होई, दुसरें संपल्यावरहि समाधान मागें उरे. कल्पनेची परीक्षा ती चालू असतांना होत नाहीं, ती ओसरल्यावर मागें काय राहतें यावरून होते, हें त्यानें त्या अंथरुणावर ओळखलें. माझ्या समजुतीप्रमाणें या विषयावर यापेक्षां अधिक उपयोगी असें कोणीं सांगितलेलें नाहीं.

पुढें याच अनुभवांतून त्याची साधनेची पोथी तयार झाली व १५४८ सालीं पोपनें तिला मान्यता दिली. तींत प्रार्थना करणारानें आधीं स्थळ डोळ्यांपुढें उभें करावयाचें असतें. नाझरेथाहून बेथलेहेमास जाणारा रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट कीं चढउताराचा. जन्माची गुहा उंच कीं ठेंगणी. आणि आपण स्वतः तेथें एक गरीब, अपात्र चाकर होऊन उभे आहों, काय लागेल तें करावयास. येथें कल्पनेला नेमून दिलेलें काम लक्षांत घेण्यासारखें आहे. चाकरानें प्रसंग बदलावयाचा नाहीं. त्यानें तेथें हजर राहावयाचें आहे.

ही साधना केलेला एक इंग्रज पाद्री १५७९ सालीं गोव्यास उतरला आणि मराठी वाङ्मयास एक अपूर्व ग्रंथ मिळाला. फादर स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. ओव्या अकरा हजारांच्या घरांत. पहिल्या पुराणांत सृष्टीच्या उत्पत्तीपासूनचा जुना करार, दुसऱ्यांत येशूचें चरित्र, मरण व पुनरुत्थान. त्या छापील प्रती कालौघांत नाहींशा झाल्या. हस्तलिखितांच्या आधारें १९०७ सालीं सालढाणा यांनीं मंगळुरास तो पुन्हां छापिला. स्टीफन्स यांच्या मराठीप्रेमाचें कौतुक आपल्याकडे पुष्कळ झालें आहे. परंतु त्यांनीं ओवी निवडली ती केवळ भाषेच्या प्रेमानें निवडली असें मला वाटत नाहीं. ओवी ही ज्ञानेश्वरांची, तशीच जात्यावरच्या बायकांचीहि. तिच्यांत सांगितलेली गोष्ट दूरदेशची राहत नाहीं; पहाटेच्या दळणाबरोबर ती उंबरठ्याच्या आंत येते. स्थळ डोळ्यांपुढें उभें करण्याचा इग्नेशियसचा नियम स्टीफन्स यांनीं आपल्या श्रोत्यांच्या कानांतून अमलांत आणला. पुराणिकापुढें श्रोता शंका विचारतो व गुरु उत्तर देतो, ही आपल्या पुराणांची ठेवणहि त्यांनीं राखली. त्यामुळें ऐकणारास त्या कथेंत बसावयास जागा मिळाली.

तथापि येथें एक गोष्ट न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. स्टीफन्स ज्या साष्टी प्रांतांत राहिले, तेथील देवळें १५६७ सालीं पोर्तुगिजांनीं पाडलीं होतीं. नवख्रिस्ती लोकांकडून त्यांचे जुने ग्रंथ सुटले होते. खुद्द ‘ख्रिस्तपुराणां’तच एक श्रोता सुचवितो कीं आमचीं जुनीं पुराणें तर गेलीं, त्यांच्या जागीं मराठींत कांहीं असावें. ज्या सत्तेनें घाव घातला, तिच्याच छायेंत हें मलम तयार झालें. मलम खोटें होतें असें मी म्हणत नाहीं. ज्याच्या दारांतील देव गेला त्याला रात्रीं म्हणावयास कांहीं तरी हवें होतें, आणि परभाषेंतील प्रार्थनेपेक्षां आपल्या ओवींतील प्रार्थना त्याला खरोखरच उपयोगी पडली असेल. परंतु गेलेल्या देवळाबद्दल रडण्यास त्या अकरा हजार ओव्यांत कोठें जागा आहे? येशूच्या दुःखासाठीं रडण्याची मुभा आहे. स्वतःच्या त्या दुःखासाठीं नाहीं. ‘ख्रिस्तपुराणा’चें काव्य म्हणून मोल अबाधित आहे, दुःखनिवारण म्हणून त्याला ही मर्यादा पडली, असें माझें मत आहे.

पावणेतीनशें वर्षांनंतर रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं हेंच काम निराळ्या स्थितींत हातीं घेतलें. १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो आपल्या मनानें, कोणाच्या सत्तेखालीं नव्हे. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों अशी त्यांची भावना होती, आणि त्यांच्या अभंगांत ती पदोपदीं दिसते. त्यांचा ख्रिस्त सिंहासनावर बसत नाहीं. तो माउली होतो, गुरु होतो, अंगणांत येतो. ख्रिस्ती मंडळींत जीं गीतें तोंवर बहुधा परक्या वळणानें गाइलीं जात, त्यांच्या जागीं वारकऱ्याच्या गळ्यांतला सूर आला. ‘उपासनासंगीतां’तील त्यांचीं पदें आजहि मराठी चर्चमधून ऐकूं येतात. एकट्या बसलेल्या माणसाला दुसऱ्याची जवळीक वाटावी हें जर प्रार्थनेंतील कल्पनेचें पहिलें काम असेल, तर टिळकांइतकें तें मराठी ख्रिस्ती कवींत कोणीं साधलेलें नाहीं.

तरीहि टिळकांचे अभंग पुष्कळ एका बैठकीस वाचले म्हणजे एक उणीव जाणवूं लागते. त्यांत तृप्ति फार लवकर येते. पहिल्या चरणांत व्याकूळ झालेलें मन चौथ्या चरणांत निवलेलें असतें. कवीचा अनुभव खोटा होता असें नव्हे. तो उत्कट प्रकृतीचा पुरुष होता व अशा माणसांस शांति खरोखरच झटक्यानें मिळते. परंतु ज्याला ती तशी मिळत नाहीं असा वाचक मागें राहतो. आणि टिळकांच्या घरांतच असा एक वाचक होता.

टिळकांनीं धर्मांतर केलें तेव्हां लक्ष्मीबाई माहेरच्या माणसांत होत्या. हिंदु स्त्रीचा नवरा जिवंत असून नाहींसा व्हावा, असें तें दुःख होतें. सुमारें पांच वर्षें पतिपत्नींची ताटातूट राहिली. १९०० सालीं लक्ष्मीबाईंनीं, पूर्ण विचारांतीं, स्वतः बाप्तिस्मा घेतला. या सर्वांची हकीकत त्यांच्या ‘स्मृतिचित्रां’त आहे, त्यांचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. वडिलांचें अतिरेकी सोंवळें, नवऱ्याचा शीघ्रकोप, न सांगतां घरांतून निघून जाण्याची त्याची संवय, लोकांचे टोमणे, आणि ती ताटातूट, हें सारें त्या ज्या रीतीनें सांगतात तीस मराठींत जोड नाहीं. त्या कोणावर सूड उगवीत नाहींत व कोणाला सोज्ज्वळहि करीत नाहींत. नवऱ्याची चूक चूकच राहते. तिच्यावर त्या हंसतात, पण ती पुसून टाकीत नाहींत. विरहाच्या काळांत मनावरचा भार हलका करण्यासाठीं त्या पद्यें जुळवूं लागल्या. शिक्षण म्हणावें तर नवऱ्यानें अधूनमधून दिलेलें, तेवढेंच. आणि टिळक १९१९ सालीं वारल्यावर त्यांनीं अर्धवट टाकलेलें ‘ख्रिस्तायन’ याच बाईनें हातीं घेऊन अध्यायांमागून अध्याय लिहिले. नवऱ्याच्या ज्या ख्रिस्तानें आपलें घर मोडलें, त्याचें चरित्र म्हातारपणीं स्वतःच्या ओवींत सांगावयास बसणें, ही मला टिळकांच्या कोणत्याहि अभंगापेक्षां मोठी प्रार्थना वाटते. तींत कल्पना आहे, कला आहे, आणि घडलेल्या गोष्टीचा एक कानाहि बदललेला नाहीं.

हा शेवटचा मुद्दा आजच्या काळीं विशेष महत्त्वाचा झाला आहे. गेल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अ‍ॅग्नेस सॅनफर्ड या अमेरिकन बाईंनीं स्मृतींच्या उपचाराची एक प्रार्थना प्रचारांत आणली व ती पुढें अनेक देशांत पसरली. तिचें सामान्य स्वरूप असें: दुखावलेल्या माणसानें बालपणींचा तो प्रसंग डोळ्यांसमोर आणावा, आणि त्या खोलींत येशू शिरला आहे अशी कल्पना करावी. इग्नेशियसच्या साधनेहून येथें एक फरक आहे. तेथें प्रार्थना करणारा येशूच्या चरित्रांत प्रवेश करितो. येथें येशू त्याच्या चरित्रांत प्रवेश करितो. हा फरक त्याज्य नाहीं. ज्या पोरक्या मुलाजवळ त्या रात्रीं कोणी नव्हतें, त्याला आतां तरी तेथें कोणी असल्याचें जाणवलें तर त्याचा धीर वाढेल. मानसोपचार करणारे वैद्यहि भयंकर आठवणींशीं कल्पनेच्या साहाय्यानें झुंजावयास शिकवितात.

परंतु धोकाहि तेथेंच आहे. लॉफ्टस व पिक्रेल या अमेरिकन संशोधक स्त्रियांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, लहानपणीं बाजारांत हरवल्याची बनावट हकीकत २४ माणसांना त्यांच्या नातलगांच्या नांवानें सांगण्यांत आली. त्यांपैकीं सुमारें चतुर्थांश लोकांना ती थोडी वा पूर्ण आठवूं लागली. स्मृति ही कोरलेली शिळा नव्हे, कुंभाराच्या चाकावरील ओली माती आहे. कल्पनेचा अंगठा लागला कीं तिचा आकार फिरतो. म्हणून प्रार्थनेस बसलेल्या दुःखिताला, अमक्यानें तुला छळलें असेल, आठवून पाहा, असें कोणीं सुचवूं नये; तसेंच, झालें तें झालेंच नाहीं असेंहि चित्र त्याच्या मनांत रंगवूं नये. पहिल्यानें निरपराध माणसावर आळ येतो. दुसऱ्यानें दुःखिताला स्वतःच्याच आयुष्यांतून हद्दपार व्हावें लागतें. आणि ज्याचें मन खरोखर आजारी आहे त्याला वैद्याकडे जाऊं न देणारी प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे.

शब्दांप्रमाणेंच रंगांतहि मराठी मुलुखानें या प्रश्नास उत्तर दिलें आहे. गोव्यांत १९०२ सालीं जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे शांतिनिकेतनांत अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या हाताखालीं शिकले. त्यांनीं मरियेला साडी नेसविली, कुंकू लाविलें, आपल्याकडील लेकुरवाळीप्रमाणें जमिनीवर बसविलें. गोव्यांतील धर्माधिकाऱ्यांस तें रुचलें नाहीं. फोन्सेका पुण्यास ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमांत येऊन राहिले व १९६७ सालीं वारले. त्या आश्रमाची पूर्वपीठिका ज्या संघांत, तो जॅक विन्स्लो यांनीं स्थापिला होता. टिळकांचें इंग्रजी चरित्र १९२३ सालीं लिहिणारे तेच. एका वंशवृक्षाचीं हीं फळें आहेत. फोन्सेकांच्या चित्रांवर गोडव्याचा आरोप येऊं शकेल, आणि कांहीं चित्रांपुरता तो मला मान्य आहे. पण त्यांच्या शांत बसलेल्या आयांकडे पाहतांना एक गोष्ट पटते. माणूस आपल्या दुःखासाठीं परक्याच्या घरीं मोकळेपणें रडत नाहीं. चित्रांतील आई आपल्यासारखी बसली, म्हणजे तिच्याजवळ बसतां येतें.

मग सास्तूरच्या त्या बाईनें परक्या पोषाखांतील मरियेलाच कां जवळ केलें, असा आक्षेप वाचक घेतील. त्याचें उत्तर तिच्याच बोलण्यांतील ‘अजून’ या शब्दांत आहे. पोषाख परका होता, बसणें ओळखीचें होतें. येथें कोणीं असें समजूं नये कीं मी ख्रिस्ती कथेला वारकरी कथेहून वरचढ ठरवीत आहें. ख्रिस्ती कथेंतहि मूल परत येतें. शुक्रवारीं क्रूसावर मेलेला येशू रविवारीं उठतो. गोरोबांच्या कथेंतहि रांगत येणाऱ्या मुलाच्या आधीं आईचा आक्रोश आहे, बापाचे तुटलेले हात आहेत. दोहोंत फरक नाहीं. फरक सांगणाराच्या घाईंत आहे. शुक्रवार आणि रविवार यांच्या मध्यें एक शनिवार येतो. त्या दिवशीं शुभवर्तमानांत जवळजवळ कांहींच घडत नाहीं. प्रेत थडग्यांत असतें व बायका घरीं बसून असतात. ज्याचें मूल गेलें तो माणूस त्या शनिवारांत राहतो, कित्येकदां वर्षानुवर्षें. आमच्या मित्रानें गोरोबांची कथा सांगितली ती रविवारापासून सांगितली, म्हणून ती त्या बाईस लागू पडली नाहीं. कॅलेंडरवरील चित्रकारानें, तो कोण असेल तो असो, शनिवारच्या उंबरठ्यावर हात थांबविला होता.

प्रार्थनेंतील कलेची कसोटी मला यांतच दिसते. जी कल्पना दुःखावर पांघरूण घालते, ती चालू असेपर्यंत गोड लागते व ओसरल्यावर मन अधिक कोरडें करिते. इग्नेशियसनें ती कोरड अंथरुणावर ओळखली होती. जी कल्पना दुःखाला बसावयास जागा देते आणि त्याच्याजवळ कोणाला तरी बसविते, तिनें लगेच बरें वाटत नाहीं; पण ती ओसरल्यावर माणूस उठून पाणी भरावयास जाऊं शकतो. ‘ख्रिस्तपुराणा’नें जवळीक दिली, पण एका दुःखाला जागा दिली नाहीं. टिळकांनीं जवळीक अपार दिली, पण थांबले थोडें. लक्ष्मीबाई थांबल्या, म्हणून त्यांच्या पुस्तकांत, जेथें प्रार्थनेचें नांवहि क्वचित् येतें, तेथें जखम भरून येतांना दिसते, आणि व्रणहि दिसतो.

पुढें कांहीं वर्षांनीं मी त्या बाजूस पुन्हां गेलों. खोपी जाऊन पक्कीं घरें आलीं होतीं. त्या बाईच्या भिंतीवर तें कॅलेंडर होतें. तारखा कापून टाकून नुसतें चित्र चौकटींत बसविलेलें. त्याच्या शेजारीं विठोबा होता व मुलाचा फोटो होता. आषाढीचे दिवस होते आणि ती वारीस निघण्याच्या गडबडींत होती. जातांना तेरवरून जाणार का, असें मीं विचारलें. ती म्हणाली, “जाणार की. काकांनी बी हात तोडले हुते, ते कसं इसरंल?” कथेचा शेवट तिनें सोडून दिला होता, आणि कथा आपली केली होती.